दिपोनेगोरोने बंड कशावरून केलं: रस्ता, धर्म की गादी?

प्रश्न असा आलाय की डिसेंबरात जावाला जायचंय, बोरोबुदुर आणि योग्यकर्ता बघायचंय, वाचताना दिपोनेगोरो हे नाव सारखं पुढे येतंय, म्हणजे 1825 ते 1830 डचांशी लढलेला जावाचा राजपुत्र. एका ठिकाणी लिहिलंय डचांनी त्याच्या जमिनीतून रस्ता काढला म्हणून त्याने बंड केलं, दुसरीकडे म्हणतात हे धर्मयुद्ध होतं, तिसरीकडे म्हणे गादी मिळाली नाही म्हणून चिडला. यातलं खरं काय, एवढी माणसं त्याच्यामागे होती तर हरला कसा, आणि त्याला कपटाने पकडलं हे कितपत खरं?

मी आधी कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता योग्यकर्त्यात, इथले लोक ज्याला जोग्जा म्हणतात तिथे, आपल्याकडच्या ग्रुप्सना फिरवतो. हा प्रश्न बसमध्ये हमखास येतो आणि बसमध्ये त्याला पाच मिनिटं मिळतात, म्हणून इथे जरा पसरून लिहितो.

माझ्या मते प्रश्नच थोडा फिरवून विचारायला हवा. दिपोनेगोरो का उठला हे समजायला फार कठीण नाही, एका माणसाला दहा कारणं असू शकतात. खरं कोडं हे आहे की 20 जुलै 1825 ला त्याच्या तेगलरेजोच्या वाड्यावर हल्ला झाला, तो पळून सेलारोंगच्या गुहांकडे गेला, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याच्याकडे राजवाड्यातले सरदार, खेड्यातले शेतकरी, मदरशांतले कियाई म्हणजे धर्मगुरू, हमाल, अगदी चोर-दरोडेखोरसुद्धा येऊन मिळाले. या लोकांचं एरवी एकमेकांशी काडीचं पटत नव्हतं. योग्यकर्त्याच्या राजघराण्यातले जवळपास निम्मे राजपुत्र आणि निम्म्याच्या आसपास वरचे अधिकारी त्याच्या बाजूला गेले. हे सगळे एका रस्त्याच्या खुंट्यांसाठी जमले असं मानायचं असेल तर माना, मला पटत नाही.

आता तो होता कोण. 1785 चा जन्म, तिसऱ्या हामेंग्कुबुवोनो सुलतानाचा सगळ्यात मोठा मुलगा, पण आई पट्टराणी नव्हती. लहानपणी पणजीने त्याला राजवाड्यातून उचलून तेगलरेजोला आपल्याकडे नेलं. ती बाई करारी आणि धार्मिक. त्यामुळे हा वाढला भातखाचरांत, कियाई लोकांच्या आणि कुळांच्या संगतीत. दरबारातले बाकीचे राजपुत्र आणि हा यांच्यात जो फरक आहे तो इथून येतो. त्याला खेड्यात ओळखत होते.

गादीचा मुद्दा इथेच संपवून टाकतो. त्याने स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्तात तो म्हणतो की 1812 मध्ये वडिलांनी त्याला युवराज करायचं म्हटलं होतं, त्याने नको म्हणून धाकट्या सावत्र भावाला पुढे केलं. आता हे तो नंतर, हद्दपारीत बसून लिहितोय, तेव्हा स्वतःला निःस्पृह दाखवणारच, हे धरून चला. आणि युद्ध सुरू झाल्यावर त्याने सुलतान ही पदवी घेतलीच की. म्हणजे सत्ता नकोच होती असं नाही, पण रुसलेला राजपुत्र ही गोष्ट डच कागदपत्रांना फार सोयीची होती हेही लक्षात ठेवा. घरातलं भांडण म्हटलं की मग करांबद्दल कोणी विचारत नाही.

आता मधला एक तुकडा, जो आपल्या लोकांना माहीत नसतो आणि जो सांगितल्यावर बसमध्ये झोपलेले जागे होतात. 1811 ते 1816 जावावर डचांचं नाही तर इंग्रजांचं राज्य होतं, कारभार कलकत्त्याहून, सुरुवातीला गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोच्या नावाने, आणि जावात त्याचा लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स. 20 जून 1812 ला इंग्रजांनी योग्यकर्त्याचा क्रातोन म्हणजे राजवाडा तोफा लावून फोडला आणि त्या फौजेत बंगालचे शिपाई होते. खजिना लुटला, हस्तलिखितं नेली, दुसऱ्या हामेंग्कुबुवोनोला पेनांगला पाठवून दिलं. दिपोनेगोरो तेव्हा सव्वीस वर्षांचा, आणि आपलं घर लुटताना त्याने बघितलं. 1815 मध्ये याच बंगाली शिपायांचा शेजारच्या सुराकार्ताच्या दरबाराशी मिळून इंग्रजांविरुद्ध कट झाल्याचं उघडकीला आलं, ती वेगळीच मजेशीर भानगड आहे, तिच्यात आत्ता शिरत नाही.

मुद्दा हा की त्या लुटीनंतरच्या तहात रॅफल्सने दरबाराकडून जकातनाके आणि बाजार काढून घेतले. डच 1816 ला परत आले तेव्हा हे सगळं त्यांना आयतंच मिळालं. आणि माझ्या मते सगळ्या बंडाचं मूळ शोधायचं तर ते या नाक्यांवर शोधा.

नाका म्हणजे काय ते जरा डोळ्यांपुढे आणा. रस्त्याला फाटा फुटला की एक झापाची चौकी. सरकारने वसुली लिलावात मक्त्याने दिलेली, मक्तेदार बहुतेक चिनी, त्याने सरकारला बोलीची रक्कम भरायची आणि वरचं ते त्याचं. मग तो वरचं काढणारच. तांदूळ, कापूस, गूळ, नारळ काहीही डोक्यावर किंवा कावडीवर घेऊन बाजाराला निघालेल्या माणसाला तिथे थांबायचं, ओझं उघडून दाखवायचं, आणि तपासणारा मुद्दाम रखडवतो, कारण रखडलं की रात्र तिथेच काढावी लागते, आणि तिथेच अफू आणि जुगाराची सोय केलेली असते. सकाळी निघताना माल अर्धा आणि खिसा रिकामा. पाठीशी मूल बांधलेल्या बाईकडूनही ओझं म्हणून पैसे मागितले असे किस्से त्या काळच्या नोंदींत येतात. वाट चुकवून रानातून जावं तर पकडल्यावर आणखी दंड. आणि एका बाजाराला जायला असे नाके अनेक, प्रत्येकाने थोडं थोडं घेतलं तरी शेवटी भाताचा भाव कुठल्या कुठे जायचा. गंमत म्हणजे खुद्द डच अधिकाऱ्यांनीच 1824 मध्ये लिहून दिलं होतं की हे नाके काढा नाहीतर जावाचे लोक उठतील, पण उत्पन्न सोडवेना, तेव्हा ते तसंच राहिलं.

हे झालं खालच्यांचं. पण सरदार का आले? इथे 1823 चा तो हुकूम येतो, ज्याच्याबद्दल पर्यटकांच्या पाट्यांवर एक ओळ नसते. दरबारातल्या सरदारांना पगाराऐवजी गावं तोडून दिलेली असायची. ती गावं, त्यातल्या माणसांच्या वेठीसकट, हे सरदार युरोपियन आणि चिनी मळेवाल्यांना भाड्याने द्यायला लागले. कॉफी, नीळ, ऊस. भाड्याचा ॲडव्हान्स एकदम हातात यायचा आणि तो खर्च व्हायचा. योग्यकर्त्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला डच प्रतिनिधी, नाहुइस याने तर हे जोरात चालवलं आणि स्वतःही मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर जमीन घेतली. गव्हर्नर जनरल वान देर कापेलेनला वाटलं की यात रयतेची पिळवणूक होते, ते खरंच होतं, म्हणून त्याने 1823 मध्ये सगळे करार रद्द केले. झालं काय की सरदारांनी घेतलेला ॲडव्हान्स परत करायचा, शिवाय मळेवाल्याने लावलेली कॉफीची झाडं, बांधलेल्या इमारती यांची भरपाईसुद्धा सरदारांनीच द्यायची. पैसे कधीच उडून गेलेले. म्हणजे रयतेच्या भल्यासाठी काढलेल्या हुकुमाने अख्खा सरदारवर्ग कर्जात बुडाला, आणि ते कर्ज फेडायला त्यांनी परत रयतच पिळली. मला स्वतःला सगळ्या कारणांत हे सगळ्यात वजनदार वाटतं, कारण शेतकरी एकटे उठले तर ते महिन्याभरात दडपता येतात, पण ज्यांना माणसं जमवता येतात आणि हत्यारं ज्यांच्या घरात आहेत ते उठले की प्रकरण वेगळं होतं.

आणि या भरपाईचा दिपोनेगोरोशी थेट संबंध आहे. 1822 च्या डिसेंबरात चौथा हामेंग्कुबुवोनो अचानक वारला, गादीवर जेमतेम तीन वर्षांचं पोर बसवलं आणि पालक म्हणून जे नेमले त्यात दिपोनेगोरो आणि त्याचा काका मांग्कुबुमी. म्हणजे भरपाईचा बोजा दरबाराच्या तिजोरीवर पडला तेव्हा सही करणाऱ्यांत हा. नवा रेसिडेंट स्मिसार्ट आणि दिवाण दानुरेजा हे दोघे पालकांना बाजूला ठेवून परस्पर कारभार हाकत होते. त्यात 1821 चा कॉलरा, पिकं बुडालेली, 1822 च्या शेवटी मेरापी फुटला. जावात राजा जोयोबोयोच्या नावाची जुनी भविष्यवाणी आहे, दुर्दिन आले की मागून रातू आदिल, न्यायी राजा, येतो. आता असं सगळं एका ओळीत घडायला लागलं तर लोकांनी काय समजायचं?

रस्ता यानंतर आला. 1825 च्या मध्याला योग्यकर्ता ते मागेलांगच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं, दानुरेजाच्या माणसांनी दिपोनेगोरोच्या जमिनीत न विचारता खुंट्या ठोकल्या, त्याच्या माणसांनी उपटल्या, परत ठोकल्या, परत उपटल्या, शेवटी खुंट्यांच्या जागी भाले रोवले गेले. पूर्वजांच्या कबरींवरून रस्ता जात होता असंही सांगतात. तेगलरेजोला आज स्मारक आहे, तिथे भिंतीतलं एक भगदाड दाखवतात, त्यातून तो निसटला म्हणतात, गाईड रंगवून सांगतो, ऐकून घ्या. खुंट्यांची गोष्ट खरी आहे, फक्त तिच्यावर अख्खं युद्ध टांगू नका.

धर्माचं काय? धर्म होता आणि दिखाव्यापुरता नव्हता. कियाई मोजो हा त्याचा मोठा सल्लागार, शंभराच्या वर धर्मगुरू बंडात होते, पलटणींची नावं आणि सेनापतींच्या पदव्या ओस्मानी तुर्कांच्या धर्तीवर ठेवलेली. पण हाच दिपोनेगोरो तरुणपणी गुहांमध्ये जाऊन ध्यान करायचा आणि दक्षिण समुद्राची देवी रातू किडुल आपल्याला भेटली असं स्वतः लिहितो. म्हणजे आजच्या चौकटी घेऊन त्याला जिहादी म्हणायचं किंवा देशभक्त म्हणायचं, दोन्ही अर्धवट. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एका बाजूने बोलता येईल अशी भाषा धर्माने दिली, तक्रारी मात्र नाक्यावरच्या आणि जमिनीच्या होत्या. हे माझं मत, यावर जाणकारांत वाद आहेत, आणि तुम्ही डच अहवाल आधी वाचलेत की त्याचं आत्मवृत्त आधी वाचलंत यावर तुमचं मतही बदलेल.

एक बाजू इथले लोक सांगायला टाळतात ती मी सांगतो. नाक्यांचा राग मक्तेदारांपुरता राहिला नाही, साध्या चिनी कुटुंबांवर निघाला, कत्तली झाल्या. ज्यांनी लिलाव केले ते लांब बॅटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बसले होते, हाताशी सापडले ते हे. दुसरीकडे लासेमच्या भागात चिनी लोक बंडवाल्यांबरोबर लढलेही, तेव्हा इथेही एकच रंग लावता येत नाही.

आता हरला कसा. पहिलं वर्षभर डचांची पार दाणादाण उडाली होती. त्यांची बरीच फौज सुलावेसीत आणि सुमात्रात अडकलेली. बंडवाले छोट्या टोळ्यांनी यायचे, मारायचे, डोंगरात गायब. सेंतोत नावाचा सेनापती तर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, घोडदळ असं चालवायचा की डच अधिकारी स्वतः त्याचं कौतुक लिहून गेलेत. पण 1826 च्या ऑक्टोबरात गावोकला, सुराकार्ताजवळ, समोरासमोरची लढाई अंगाशी आली, दिपोनेगोरो स्वतः जखमी झाला आणि तिथून उतार लागला.

त्यानंतर 1827 पासून जनरल दे कॉकने जी पद्धत लावली ती बघण्यासारखी आहे. मोठी फौज घेऊन मागे धावणं बंद. त्याऐवजी मुलुखभर छोट्या छोट्या गढ्या, माती-बांबूच्या, प्रत्येकीत थोडे शिपाई, आणि मधल्या पट्ट्यात फिरत्या तुकड्या. शेवटी अशा अडीचशेच्या आसपास गढ्या झाल्या, बांधल्या अर्थात वेठबिगारीनेच. गढी झाली की तिच्या आडोशाला बाजार भरवायचा, पळालेल्या शेतकऱ्यांना परत आणून बसवायचं. बंडवाल्यांना धान्य आणि बातमी गावातूनच मिळत होती, ती नळी हळूहळू आवळली गेली. शेवटी शेवटी सगळे प्रोगो आणि बोगोवोंतो या दोन नद्यांच्या मधे कोंडले गेले. नकाशावर या दोन नद्या शोधा, जोग्जाच्या पश्चिमेला, म्हणजे केवढ्याशा तुकड्यात ते अडकले हे लगेच कळेल. डचांकडून लढणारे बरेचसे शिपाई याच द्वीपसमूहातले, मदुरा, अंबोन, सुलावेसीचे, आणि खुद्द जावातली मांग्कुनेगरन या सुराकार्तातल्या धाकट्या संस्थानाची फौजही त्यांच्याकडूनच.

पण नुसत्या गढ्यांनी एवढं झालं नसतं, आत फूट होती. गावोकनंतर कियाई मोजोने दिपोनेगोरोपुढे सरळ विषय काढला की सत्तेचे चार भाग आहेत, राजा, वली म्हणजे संतपुरुष, पंडित आणि श्रद्धावान, तुम्ही यातला एक घ्या आणि बाकीचे सोडा. मोजोला स्वतःला वली व्हायचं होतं. म्हणजे धर्माचा अधिकार माझा, तुम्ही राज्य बघा. दिपोनेगोरोला हे कसं मान्य होणार, त्याने तर दोन्ही पदव्या एका नावात ओवलेल्या. 1828 च्या नोव्हेंबरात मोजो डचांच्या हाती गेला, त्याला उत्तर सुलावेसीत तोंदानोला पाठवलं. 1829 मध्ये आधी काका मांग्कुबुमी आणि मग ऑक्टोबरात सेंतोत शरण गेले. सेंतोतला तर डचांनी पुढे सुमात्रात पाद्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम बंडवाल्यांविरुद्धच (ख्रिस्ती पाद्री नव्हेत) लढायला पाठवलं. दिपोनेगोरोच्या डोक्यावर इनाम लागलं, मलेरियाने अंग मोडलेलं, बरोबर थोडी माणसं, बागेलेनच्या जंगलात भटकत राहिला. त्याला शेवटपर्यंत कोणी पकडून दिलं नाही हे मात्र नोंदवण्यासारखं आहे.

कपटाचा प्रश्न. हो, आणि मी हे भावनेने नाही म्हणत. 16 फेब्रुवारी 1830 ला कर्नल क्लेरेन्स त्याला भेटला आणि बोलणी फिसकटली तर परत जाऊ देऊ असं तोंडी आश्वासन दिलं. 8 मार्चला तो मागेलांगला आला. रमजान चालू, म्हणून बोलणी ईदनंतर असं ठरलं, आणि तोपर्यंत दे कॉकने त्याची चांगली बडदास्त ठेवली, घोडा दिला, पैसे दिले, दोघांचं बोलणंही छान व्हायचं. पण वरून नवा गव्हर्नर जनरल वान देन बॉश बसला होता आणि त्याचा हुकूम होता की तह वगैरे काही नाही, शरणागती किंवा कैद. 25 मार्चलाच दे कॉकने अटकेची गुप्त तयारी करायला सांगितली. 28 मार्च, ईदचा दुसरा दिवस, दिपोनेगोरो सकाळी आला तो सणाच्या भेटीला जातात तसा, बोलणी करायचीच नाहीत या समजुतीने. तिथे विषय काढला गेला. त्याने सांगितलं जावात धर्माचा प्रमुख म्हणून मला माना, ते नाकारलं आणि त्याला परत जाऊ दिलं नाही. तेव्हा दे कॉकची अडचण समजून घ्यायची असेल तर घ्या, पाच वर्षांत डच बाजूचे पंधरा हजारांच्या घरात शिपाई गेलेले, कोट्यवधी गिल्डर खर्च, आणि जावाचे तर दोन लाख लोक मेले असा अंदाज आहे. त्याने युद्ध संपवलं. पण तीन दिवस आधी तयारी आणि तोवर पाहुणचार, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

या अटकेची दोन चित्रं आहेत, दोन्ही नेटवर सापडतील, शेजारी शेजारी लावून बघा. डच चित्रकार पिनेमनच्या चित्रात वर झेंडा फडकतोय, दिपोनेगोरो हात पसरून निमूट उभा आणि दे कॉक त्याला बग्गीकडे बोट दाखवतोय. 1857 मध्ये रादेन सालेह या जावाच्याच, युरोपात शिकलेल्या चित्रकाराने तोच प्रसंग काढला. झेंडा गायब. दिपोनेगोरोची मान ताठ, चेहऱ्यावर राग आवरलेला, आणि डच अधिकाऱ्यांची डोकी धडाच्या मानाने जरा मोठीच. हे चित्र त्याने नेदरलँडच्या राजाला भेट दिलं, आणि 1978 मध्ये ते इंडोनेशियात परत आलं.

पुढचं थोडक्यात. त्याला बोटीने मनाडोला नेलं, तिथे 1831-32 मध्ये नऊ महिन्यांत त्याने ते आत्मवृत्त पद्यात लिहून काढलं, हजारावर पानं, 2013 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आलं. 1833 मध्ये मकासारच्या किल्ल्यात हलवलं आणि तिथेच 8 जानेवारी 1855 ला तो गेला, कबर मकासारलाच आहे. इकडे जावात 1830 पासूनच वान देन बॉशने सक्तीच्या पिकांची पद्धत आणली, शेतकऱ्याने जमिनीच्या एका भागात सरकारला हवी ती नीळ, ऊस, कॉफी लावून द्यायची, आणि युद्धाचा खर्च त्यातून कितीतरी पटीने वसूल झाला. दिपोनेगोरोची खंजिरासारखी क्रिस 2020 मध्ये नेदरलँडने परत दिली.

आता तुमच्या ट्रिपचं. दिवस किती आहेत आणि बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत का यावर अवलंबून आहे. तेगलरेजोचं स्मारक जोग्जा शहरातच आहे, तासाभरात होतं. सेलारोंगच्या गुहा बांतुलच्या बाजूला, वर जायला पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबलेलं बरं, गुहा म्हणजे तशा कपारीच आहेत, अजिंठ्यासारखं काही डोक्यात घेऊन जाऊ नका. सगळ्यात चुकवू नये ते मागेलांग, जिथे अटक झाली ती रेसिडेंटची इमारत, तिथल्या खोलीत एक खुर्ची ठेवलीय, तिच्या हाताच्या लाकडावर ओरखडे आहेत, रागाने त्याच्या नखांचे उमटले असं सांगतात. ओरखडे खरे त्याचेच का हे मी ठरवायला जात नाही, पण ती खोली किती लहान आहे आणि दरवाजा खुर्चीपासून किती जवळ, हे उभं राहून बघा, मग सगळा प्रसंग नीट कळतो. बोरोबुदुरपासून मागेलांग जवळ आहे, त्यामुळे त्याच दिवशी होतं, फक्त पहाटेचं बोरोबुदुर आधी आणि हे नंतर. नेहमीच्या पॅकेजमध्ये ही जागा नसते, ड्रायव्हरशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा आणि खोली उघडी आहे का ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारायला लावा.